चव बघून घेतलेली जमीन

१

जमीन घ्यायची तर आधी तिची चव बघावी, हे कोंडीरामाला बापाने शिकवलं होतं. वीतभर उकरायचं, वरची धूळ बाजूला सारायची, खालची चिमूटभर ओली माती जिभेवर ठेवायची आणि दहापर्यंत मोजायचं. मग थुंकायचं. खारट लागली तर उठून चालू लागायचं. तुरट लागली तर बाजरीपुरती ठीक. गोडसर लागली तरच पुढचं बोलणं. बापाने अशीच चाखून ओढ्याकाठची तीन एकर पट्टी घेतली होती आणि तीस वर्षं तिने घराला धान्य पुरवलं होतं.

त्रेसष्ट साली ती पट्टी कंपनीच्या घशात गेली. तेव्हा चिंचवडच्या बाजूने कारखाने एकेक करत पुढे सरकत होते. या कंपनीत जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातलं शिसं वितळवायचे, म्हणून गावाने तिला शिशाची कंपनी असंच नाव ठेवलं. गावातली पन्नास माणसं कामाला लागली. कोंडीराम लागला नाही. ज्या बांधावर बाप उभा राहिला तिथे दुसऱ्याचा बिल्ला छातीला लावून उभं राहायचं नाही, एवढंच तो म्हणाला, आणि पुढची तेरा वर्षं त्याने लोकांची शेतं वाट्याने केली.

शहात्तरला कंपनी बंद पडली. भट्ट्या मोडल्या, पत्रे गेले, चिमणी पाडली. जागा तारेच्या कुंपणात पडून राहिली. तीन वर्षांनी एका सकाळी सोपानराव सायकलवरून आला. सोपानराव आणि कोंडीराम एकाच ओढ्यात पोहायला शिकलेले. कंपनीत तो मुकादम होता.

"कोंड्या, तुझी पट्टी परत मिळतीया."

"कशी?"

"अण्णासाहेबांनी बोलावलंय. ते मॅनेजर व्हते ना, तेच. कंपनीला जागा नको हाय. मूळ मालकाला देऊन टाकायची म्हणत्यात. एका कागदावर सही कराय लागंल. जमीन बघितली, पसंत पडली, हाय तशी ताब्यात घेतली. बास."

"फुकट?"

"फुकट कशी राव? तुझीच हाय की."

कोंडीराम त्याच दिवशी कुंपणातून आत शिरला. उकिडवा बसला. उकरलं, चिमूट जिभेवर ठेवली. सोपानराव कुंपणाबाहेर सायकल धरून उभा होता.

माती गोड लागली. काकवीचं भांडं विसळलेल्या पाण्यासारखी. अशी गोड माती त्याने जन्मात चाखली नव्हती. तो दहाच्या पुढे मोजत गेला आणि वीस झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की थुंकायला काही उरलेलं नाही. गिळली गेली होती.

"गोड हाय," तो म्हणाला.

सोपानरावाने मान हलवली.

२

कोंडीरामाने कागदावर सही केली आणि तिथेच घर बांधलं. पट्टीतलीच माती तुडवली, पट्टीतल्याच कच्च्या विटा पाडल्या, उन्हात वाळवल्या. बायको गिरजाबाई हे बघायला उरली नव्हती. मुलगा किसन आकुर्डीला स्कूटरच्या कारखान्यात होता. तिथेच दोघा कामगारांत एक खोली घेऊन राहायचा आणि गुरुवारच्या सुट्टीला घरी यायचा. घरात सून सुमन आणि तेव्हा दोन वर्षांची असलेली नात. तिला आजीचं नाव ठेवलं होतं, पण हाक गिरजी.

ओसरी, माजघर, मागे स्वयंपाकाची खोली. सुमन दर सोमवारी सारवायची. पहाटे उठायचं, गाईला वैरण घालायची, ओसरीवर चहा घ्यायचा, ऊन अंगावर येईस्तोवर पट्टीत राबायचं. कोंडीराम साठीला आला होता, पण सोळा वर्षांनी पहिल्यांदा तो स्वतःच्या जमिनीत घाम गाळत होता. त्याला कुणाकडून काही नको होतं.

बाजरी गुडघ्याएवढी झाली आणि थांबली. जमीन पडून होती, अजून झोपेत आहे, असं त्याने ठरवलं.

एके दिवशी गिरजीच्या हातून गुळाचा खडा स्वयंपाकघरात पडला. सुमन कामाच्या घाईत उचलायचा विसरली. दुसऱ्या दिवशी कोंडीरामाच्या पायाखाली तो आला. पाघळून जमिनीला चिकटला होता. त्याला एकही मुंगी लागलेली नव्हती.

कोंडीराम खाली बसून बघत राहिला. मग त्याने घरभर शोधलं. चुलीमागे, पाण्याच्या घडवंचीखाली, कणगीच्या बुडाशी. मुंगी नाही. झुरळ नाही. उंदराची लेंडी नाही. पाल नाही.

"बरंच हाय की मामंजी," सुमन म्हणाली. "धान्याला घोर न्हाई."

"स्वच्छ जागा हाय," कोंडीराम म्हणाला. तरी त्याने तो गूळ तिथेच राहू दिला. आठ दिवस राहिला.

सोपानराव रोज सकाळी यायचा. कुंपणाच्या जागी आता दगडी उंबरठा होता, त्याच्याबाहेर सायकल उभी करायचा आणि सीटवर बसूनच बोलायचा. एक पाय पेडलवर, दुसरा उंबरठ्याच्या दगडावर.

"ये की आत. च्या घे."

"घरून पिऊन आलोय."

"रोज पिऊन येतूस का रं? का माझ्या घरच्या कपाला काटं हायत?"

सोपानराव हसायचा. सुमन बाहेर आली, गिरजी बाहेर आली, की त्यांच्याकडे एकदा बघायचा आणि निघून जायचा. दोन वर्षांत त्याचा पाय मातीला लागला नव्हता, हे कोंडीरामाला दिसत होतं. पण मुकादमकी गेलेल्या माणसाला मित्राची जमीन डोळ्यांत खुपत असेल, असं मानून तो मनातल्या मनात थोडा खूशच होता.

३

आवाज दुपारी यायचा.

कोंडीराम जेवून ओसरीवर आडवा झाला की माजघरातून खरवडल्यासारखं ऐकू यायचं. खर्र, खर्र. मग थोडं थांबायचं. पुन्हा खर्र. वाळलेल्या भांड्याला लागलेली पिठी कुणी नखाने काढावी तसं.

पहिल्या दिवशी तो उंदीर म्हणाला. मग त्याला आठवलं, घरात उंदीर नाहीत. दुसऱ्या दिवशी, ऊन लागून विटा तडकत असतील म्हणाला. पण तडकलेली वीट थांबून श्वास घेत नाही. आवाज मध्येच थांबायचा तेव्हा कुणीतरी घोट गिळतंय असं वाटायचं.

चौथ्या दिवशी तो उठून आत गेला. तो उठला तसा आवाज बंद झाला. माजघरात अंधूक उजेड होता. सुमन स्वयंपाकघराच्या दारात बसून तांदूळ निवडत होती. गिरजी कणगीजवळ पाय पसरून बसली होती, पाठ भिंतीला लावून. दोघीही त्याच्याकडे बघत होत्या.

त्याने कणगी हाताने सरकवली. मागे भिंतीत, जमिनीपासून हातभर उंचीवर, वाटीएवढा खळगा होता. गुळगुळीत. कडेला बारीक बोटांच्या रेघा.

"तू केलंस?"

गिरजीने मान हलवली.

"माती खातीस?"

"आबा, गोड लागती," गिरजी म्हणाली.

त्याने तिच्या हातावर फटका दिला. पोरं माती खातातच, जंत झाले असतील, ओवा द्या, असं सुमनला बजावून तो ओसरीवर येऊन पडला. डोळे मिटले तेव्हा त्याला आणखी एक गोष्ट दिसली. कणगीमागे तो एकच खळगा नव्हता. कमरेएवढ्या उंचीवर दुसरा होता. मोठा. चार वर्षांच्या पोरीचा हात तिथवर पोचत नाही.

सुमनला सहावा महिना होता. बायकांना अशा दिवसांत मातीचे डोहाळे लागतात हे त्याला माहीत होतं. सासऱ्याने ते विचारायचं नसतं. त्याने विचारलं नाही.

४

पावसाळ्यानंतर गिरजी जेवेनाशी झाली. पोट धरून बसायची. बोलणं कमी झालं. मग एका सकाळी तिने आजोबांना चहाचा कप आणून दिला आणि तो तिच्या हातातून सुटला. कोंडीरामाने तिचा हात हातात घेतला. मूठ वळ म्हटलं तर वळत होती. पंजा वर उचल म्हटलं तर उचलत नव्हता. मनगटातून खाली लोंबत होता.

तो तिला खांद्यावर घेऊन पिंपरीच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टर तरुण होता. त्याने गिरजीचा ओठ बोटाने उलटला, बॅटरी मारली आणि बराच वेळ बघितलं. हिरड्यांच्या कडेने निळसर काळी रेघ होती. पेन्सिलने ओढल्यासारखी.

"घरात कुणी शिशाच्या कामावर आहे का?"

"न्हाई."

"रंगाचं काम? छापखाना? बॅटऱ्या?"

"माझा पोरगा स्कूटरी जोडतो. मी शेतकरी हाय."

"राहता कुठे?"

"सोताच्या जमिनीवर," कोंडीराम म्हणाला.

"म्हणजे कुठे, आजोबा?"

त्याने जागा सांगितली. डॉक्टरने हातातली बॅटरी खाली ठेवली. 

"तिथे राहायची परवानगी कुणी दिली तुम्हाला?"

"माझ्या जमिनीवर राहाया मला कुनाची परवानगी लागती?"

"तिथली माती पोटात जाते आहे हिच्या. ती माती विष आहे. आज, उद्या नाही, आज तिला तिथून हलवा. घरात कुणी गरोदर आहे का?"

कोंडीरामाने होकाराची मान हलवली. डॉक्टर काहीतरी लिहू लागला. लिहिता लिहिता वर बघून म्हणाला, "तुम्हीही जरा तोंड उघडा."

"मला कशाला?"

"बघू तर द्या."

कोंडीरामाने तोंड उघडलं. डॉक्टर वाकला, त्याने ओठ खाली ओढला आणि सोडून दिला.

"तुम्ही किती खाता, आजोबा?"

"काय?"

"माती."

कोंडीरामाच्या अंगाची लाही लाही झाली. त्याने नातीला उचललं आणि चिठ्ठी न घेता बाहेर पडला. चार पावलं गेल्यावर परत आला आणि चिठ्ठी घेतली.

५

दुसऱ्या दिवशी सोपानराव नेहमीच्या वेळी आला. पाय उंबरठ्याच्या दगडावर टेकवला. कोंडीराम त्याची वाटच बघत होता.

"उतर खाली."

"घाईत हाय रं."

"सायकल सोड. उतर. मातीवर पाय ठेव."

सोपानराव उतरला नाही. त्याने सुमन दिसते का बघितलं, गिरजी दिसते का बघितलं. मग सायकलच्या घंटीवर अंगठा फिरवत राहिला.

"काय पुरलंय हितं?"

"कोंड्या..."

"काय पुरलंय?"

"मळी. भट्टीतनं निघती ती. राख, बॅटऱ्यांचं पाणी, समदं. धा वर्षं. लांब न्यायाला गाडी लागायची, म्हणून अण्णासाहेब म्हणले मागं खड्डा करा. एक भरला की दुसरा. तुझं घर हाय ना, तिथं तिसरा व्हता."

"तुला ठावं व्हतं."

"मीच पुरली. माझ्या हातानं." सोपानरावाने वरचा ओठ उचलून दाखवला. काळी रेघ. "मी बी त्यातलाच हाय."

"मग मला का गळ्यात घातली?"

"कागदावर कुनाची तरी सही पायजे व्हती. पुढं कुनी विचारलं तर कंपनीचं नाव नको. मूळ मालकानं बघून घेतली म्हनलं की झालं. माझ्या पोराला दुसऱ्या कारखान्यात चिकटवतो म्हणले. चिकटवलं."

कोंडीराम उभा होता तसाच उभा राहिला.

"मी चव घेत व्हतो तवा तू तिथं हुबा व्हतास."

"व्हय."

"मी गोड म्हनलो. तू मान हलवलीस."

"मला वाटलं तू पीक घेशील. घर बांधशील असं न्हाई वाटलं, देवाची आन."

"बांधलं ते तर दिसलं की. दोन वर्षं रोज येतूयास. कशाला येतूस रं?"

 सोपानराव खाली बघून म्हणाला, "समदी उठल्यात का, ते बघाया."

कोंडीरामाने धोंडा उचलला. सोपानरावाने सायकल वळवली, पण पळवली नाही. धोंडा पाठीत बसेल म्हणून थांबल्यासारखा हळूहळू गेला. कोंडीरामाने मारला नाही. हात वर गेला तो खांद्यापाशीच राहिला. मनगटात जोर नव्हता.

६

दूधवाल्याबरोबर त्याने किसनला निरोप पाठवला: बायको-पोरीला आजच पाठवतोय, आकुर्डीच्या थांब्यावर उभा राहा, पुन्हा इकडे आणायच्या नाहीत.

सुमनने गाठोडं बांधायला सकाळ घालवली. दोन लुगडी, गिरजीचे परकर, एक तवा. बांधायची आणि सोडायची. सोडून माजघरात जायची.

"मामंजी, चार दिसांनी गेलो तर?"

"आज."

"हितं हवा बरी हाय. तिकडं पोरीला करमायचं न्हाई."

"सुमन, ही माती इख हाय. तुझ्या पोटातल्याला बी मारील. कळतंय का तुला?"

"कळतंय," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "कळतंय हो. पर तोंडाला दुसरं काय लागतच न्हाई."

 गाठोडं त्याने स्वतः उचलून उंबरठ्याबाहेर ठेवलं. सुमनने गिरजीला कडेवर घेतलं. दहा पावलं गेली आणि परत फिरली. तांब्या राहिला म्हणाली. आत गेली, तांब्या घेऊन बाहेर आली. तिचा एक गाल फुगलेला होता आणि जबडा हळूहळू हलत होता. कडेवरच्या गिरजीचाही.

कोंडीरामाला दिसलं. सुनेच्या तोंडात काय आहे हे सासरा कसा विचारणार. दोघी जातायत, एवढंच त्याने बघितलं. वळणावरच्या बाभळीपर्यंत त्या दिसत होत्या. मग दिसेनाशा झाल्या. थांबा तिथून अर्धा मैल होता.

त्याने सुटकेचा श्वास सोडला. पोरी वाचल्या. आता घर. उद्या पहार घेऊन भिंती पाडायच्या, दारं आणि वासे तेवढे काढून न्यायचे, गाय भावकीत द्यायची. जमीन सोडायची हे मनात म्हणताना त्याला वाटलं होतं तेवढं दुखलं नाही. जमिनीनेच दगा दिला, मग तिच्यासाठी रडायचं कशाला. त्याने सकाळची भाकरी फडक्यातून सोडली, तुकडा तोंडात घातला. भाकरीला चव नव्हती. मिठाला नव्हती, मिरचीलाही नव्हती. त्याने ती गाईपुढे टाकली आणि ओसरीवर आडवा झाला.

७

खर्र. खर्र.

त्याने डोळे उघडले. घरात कुणी नव्हतं. पोरगी नाही, सून नाही. गाय मागे बांधलेली. दुपारचं ऊन ओसरीच्या कडेला आलं होतं.

खर्र.

आवाज माजघरातूनच येत होता, पण कणगीच्या बाजूने नाही. समोरच्या भिंतीकडून. त्या भिंतीला खुंटी होती आणि खुंटीवर कोंडीरामाचा कोट टांगलेला असायचा. लग्नकार्याला घालायचा काळा कोट. त्याला तिथे कुणी हात लावत नसे.

तो आत गेला. या वेळी आवाज थांबला नाही. तो जवळ गेला तसा आणखी स्पष्ट झाला. त्याने कोट बाजूला केला.

कोटामागे भिंतच नव्हती. म्हणजे होती, पण परातीएवढी आत गेलेली. कोपरापर्यंत हात जाईल एवढी खोल, जिभेने चाटल्यासारखी गुळगुळीत. खळगा माणसाच्या छातीच्या उंचीला होता. सुमन तिथवर पोचली असती, पण टाचा उंचावून. किसन आठवड्याला एक दिवस येतो. एक दिवसात एवढी भिंत जात नाही. हे दोन वर्षांचं काम होतं. रोजचं.

मग कोण?

कोंडीराम विचार करू लागला. बाहेरचा माणूस आला असता तर दिसला असता. चोर कोटामागे भिंत कोरत नाही. खर्र, खर्र, आवाज कानाशी येत होता आणि त्याला नीट विचार करू देत नव्हता. त्याला त्या आवाजाचा राग आला. तो मनात म्हणाला, थांब.

आवाज थांबला.

तेव्हा त्याला दिसलं, की त्याचा उजवा हात थांबला आहे. खळग्याच्या आत. नखांत ओली माती होती.

त्याने हात बाहेर काढायचा असं ठरवलं. नक्की ठरवलं.

"आबा!"

बाहेरून किसनची हाक आली. कोंडीरामाने मान वळवली. ओसरीवर ऊन नव्हतं. अंगण करडं झालं होतं, गाय हंबरत होती. दुपार कुठे गेली हे त्याला कळलं नाही.

"आबा, हाय का घरात? सुमन कुठं हाय? थांब्यावर पाच गाड्या बघितल्या. त्या उतरल्याच न्हाईत. वाटंत गाठोडं पडलंय बाभळीखाली."

कोंडीरामाला माजघरात दुसरा आवाज ऐकू आला. तो कणगीमागून येत होता. दोन आवाज होते. एक सावकाश, दमाने. एक बारीक, घाईचा. मागचं दार उघडं होतं आणि दारात तांब्या कलंडला होता.

कणगीच्या कडेने लुगड्याचा पदर दिसत होता. त्याच्या खाली छोटा पाय, तळव्याला वाटेचा चिखल. पदर भिंतीकडे सरकला आणि दिसेनासा झाला.

ओसरीवर किसन वहाणा काढत होता. एक काढली. दुसरी काढली. दमून आला होता, उपाशी असेल.

आत येऊ नको, एवढंच सांगायचं होतं. कोंडीरामाने हाक मारायला तोंड उघडलं. तोंड भरलेलं होतं.